गुलाबी पाण्यातलं भांडण

कॅन्सरसारखं नाठाळ दुसरं काही नाही. अंगात असला की थांब म्हटलं तरी थांबत नाही, हातपाय पसरतच सुटतो. आणि तोच आमच्या प्रयोगशाळेत आणून बाटलीत घातला, उबेला ठेवला, खाऊपिऊ घातलं, की रुसतो. कोपऱ्यात बसतो, चार दिवस अंदाज घेतो आणि एका सकाळी मरून पडतो. जिथे मरायचं तिथे मरत नाही, आणि जिथे याला जगवायला मी जिवाचं रान करते तिथे नेमकं मरण सुचतं! या एका कारणावरून मी आजवर बाटल्यांना किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे.

माझं काम तेच. ऑपरेशनच्या खोलीतून बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडावरच्या गाठीचा तुकडा येतो, वाटाण्याएवढा, कधी त्याहूनही लहान. तो मी बारीक चिरते, गुलाबी पाण्यात ठेवते, अंगाइतकी ऊब असलेल्या पेटीत सरकवते आणि वाट बघते. त्यातल्या पेशी तळाला धरून वाढल्या, बाटली भरली, तर त्यांतल्या थोड्या दुसऱ्या बाटलीत, मग तिसऱ्या. अशा न थांबता वाढत राहिल्या की आम्ही म्हणतो, लाइन लागली. मग त्या वर्षानुवर्षं पुरतात, नवी औषधं आधी त्यांच्यावर करून बघता येतात. पण लागली तर ना! माझ्या हातून एकही लागलेली नव्हती. आमच्याकडे होत्या त्या सगळ्या लाइनी बाहेरून मागवलेल्या, कुठल्या कुठल्या परक्या बायकांच्या. आपल्या इस्पितळात येणाऱ्या बायकांची एक तरी लाइन आपल्या हातून लागावी, एवढंच माझं मागणं होतं. आणि निवृत्ती तर तोंडावर आलेली.

अशात आमच्या पट्टीला कॅन्सर झाला.

पट्टी म्हणजे माझी धाकटी नणंद. शाळेत गणित शिकवते. मुलांनी ठेवलेलं नाव ते, पण इतकं फिट्ट बसलं की आता घरातही सगळे पट्टीच म्हणतात, ती स्वतःसुद्धा. दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, जेवायला मात्र आमच्याकडे. रोज समोर बसून जेवणाऱ्या या बाईनं, अंगावरून जातंय हे मला सांगितलं नाही. मला! जिचं उभं आयुष्य याच कामात गेलं तिला! कळलं तेव्हा मी इतकी चिडले की रडायचंच राहून गेलं.

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच इथे ओढत आणलं असतंस," ती म्हणाली.

"मग? आरती ओवाळायला हवी होती का तुझी?"

डॉक्टरांनी तिला विचारलं, गाठीचा तुकडा प्रयोगशाळेला दिला तर चालेल का, आणि पुढे कधीही नको वाटलं तर तसं सांगा, आम्ही नष्ट करू. ही म्हणाली, "घ्या की. नाहीतरी मी कुठे त्याचं लोणचं घालणार आहे?" आणि सही ठोकून मोकळी झाली.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे बोका म्हणतो, कारण ते कधी येऊन मागे उभे राहतात ते कळतच नाही. तर बोका म्हणाले, "हा तुकडा दुसऱ्या कोणाला तरी करू द्या. घरचं माणूस आहे." म्हटलं, का? परक्या बायकांच्या वेळी हात कापत नाहीत, ते घरच्या बाईच्या वेळी कापतील होय? त्यांनी तुकडा माझ्याकडेच सोपवला. हात कापलेच, पण ते बघायला कोणी नव्हतं.

आमची खोली आतल्या अंगाला आहे. उंचावर एक दुधी काच, तिच्यातून दुपारचा उजेड गाळून आल्यासारखा येतो आणि भिंतीवर हळूहळू सरकत राहतो. हवेच्या यंत्राची घरघर दिवसभर एका सुरात चालते. थोड्या वेळानं ती ऐकूच येत नाही, आणि मग आपणच पाण्याखाली बसलोय असं वाटायला लागतं. पेटीचं दार उघडलं की ओलसर ऊब तोंडावर येते. आत फळ्यांवर बाटल्या आडव्या झोपलेल्या, प्रत्येकीत तळाला बोटभर गुलाबी पाणी. मला तिथे वेळेचं भान राहत नाही. आमचे हे म्हणतात, तू घरी येतेस तेव्हा डोळे कुठेतरी ठेवून आलेली असतेस.

पट्टीला रोज शेक घ्यावा लागायचा, यंत्राखाली झोपून. त्यानंतर तिच्यात त्राण उरायचं नाही, आणि तिचा भाऊ कचेरीतून सुटून न्यायला येईपर्यंत वेळ काढायचा. मग ती माझ्याकडे यायची. एप्रन घालून, टोपी घालून, पेटीशेजारच्या खुर्चीत बसायची. बोक्यांनी एकदा तोंड उघडलं होतं, पण पट्टीनं नुसतं चष्म्यावरून पाहिलं आणि साहेब आल्या पावली परत गेले.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काय खरवडतेयस?"

"चांगल्या पेशी," मी म्हटलं. "गाठीबरोबर आजूबाजूचं धड मांसही येतं ना, त्यातल्या. त्याच आधी पसरतात आणि गाठीच्या पेशींना जागा देत नाहीत. म्हणून काढून टाकायच्या."

"कोणाच्या आहेत?"

"कोणाच्या म्हणजे? तुझ्याच."

ती थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे गुणी पोरींना वर्गाबाहेर काढून तू उनाडांची शिकवणी घेतेयस? अगं वहिनी, माझ्या शाळेत असतीस तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती तुला!"

मला इतकं हसू आलं की हातातलं खाली ठेवावं लागलं. पट्टीही हसली, आणि हसता हसता पोट धरून कळवळली. त्या दिवसांत तिचं हसणं असंच अर्ध्यावर थांबायचं.

मग तिला बघायचं होतं. मी मायक्रोस्कोपखाली बाटली ठेवली. कडेनं त्या गुणी पोरी, लांब, निमुळत्या, वाऱ्यानं झुकलेल्या गवतासारख्या. मधे एकमेकींना चिकटून बसलेला छोटा गोलसर घोळका, एकेक पेशी टोकदार कोपऱ्यांची. "त्या मधल्या," मी म्हटलं.

पट्टीनं डोळा लावला, आणि तिची पाठ ताठ झाली. मी तिला वर्गात कधी पाहिलं नव्हतं, पण तो आवाज ऐकला आणि माझीच पाठ सरळ झाली.

"उभी राहा," ती म्हणाली. "कोणाला विचारून आलीस? माझं घर, माझं अंग, आणि तू बिनबोभाट बिऱ्हाड मांडतेस? लाज नाही वाटत? थांब, तुला बघतेच."

तेव्हापासून रोज तेच. शेक घेऊन यायची, पांढरीफटक पडलेली, भिंतीला धरत. दहा मिनिटं डोळे मिटून बसायची. मग उठून मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि झाडायला सुरुवात. काय काय बोलायची! ज्या दिवशी घशाखाली घोट उतरायचा नाही त्या दिवशी तर जास्तच. भांडून झालं की गालांवर जरा रंग यायचा आणि म्हणायची, "चल, आता थोडं ताक दे." आमचे हे म्हणायचे, डॉक्टरांच्या औषधापेक्षा तुझी ती बाटलीच तिला जास्त लागू पडतेय.

एका दुपारी माझा डोळा लागला. तिची शाळा दिसली. सगळे वर्ग खिडक्यांपर्यंत गुलाबी पाण्यानं भरलेले, कोमट, आणि त्यात कोणी बुडत नव्हतं. पट्टी फळ्याशी उभी. ती आकडे लिहायची आणि ते फळ्यावरून सुटून वर तरंगत जायचे. बाकांवर चपट्या, चकाकणाऱ्या मुली बसलेल्या. घंटा झाली की प्रत्येक मुलीच्या दोन मुली व्हायच्या आणि शेजारी सरकून बसायच्या, आवाज न करता. पट्टी हजेरी घेत होती. कोणी ओ देत नव्हतं, तरी ती थांबत नव्हती, एकेक नाव घेत चालली होती, आणि नावं संपतच नव्हती. मला तिला हाक मारायची होती, पण तोंड उघडलं की ऊबच आत यायची.

जागी झाले तर पट्टी पेटीच्या दाराला डोकं टेकून झोपलेली. तिचे ओठ हलत होते. क्षणभर मला कळेना, स्वप्न मी बघत होते की ती. भिंतीवरचा उजेड पार छतापर्यंत चढला होता.

थोड्याच दिवसांत पेशींनी धरलं. आणि काय धरलं! सकाळी बघावं तर घोळका दुप्पट, दोन दिवसांनी बघावं तर बाटली भरलेली. दुसऱ्या बाटलीत घातल्या, तीही भरली. तिसरी. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी माझी गत. मी बोक्यांना हाताला धरून ओढत आणलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लागली म्हणायची." मी त्या दिवशी घरी चालत गेले. रस्ता पायांखाली आहे की नाही तेही कळत नव्हतं.

पट्टीला सांगितलं तेव्हा तिला मात्र आनंद झाला नाही. तिचे शेक संपले होते, केमो संपलं होतं, आता मोठ्या तपासणीची वाट बघायची होती. तरी ती येतच होती, भांडायला.

"वहिनी," ती म्हणाली, "ही इथे जिवंत आहे तोवर मी बरी नाही."

"अगं बाई, तिचा नि तुझा काही संबंध उरलेला नाही. ती बाटलीत, तू बाहेर. ती वाढली म्हणून तुझ्यात वाढत नाही नि ती मेली म्हणून..."

"माहीत आहे मला. गणित शिकवते मी, भोंदूगिरी नाही. तरी सांगते. तपासणीचा निकाल कळायच्या आदल्या दिवशी ती मेली पाहिजे. सगळी. माझ्यासमोर."

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. उभा जन्म काढला या एका लाइनीसाठी! ती लागली, आणि जिच्यामुळे लागली तीच म्हणते मारून टाक. मी तिला नाही नाही ते बोलले. स्वार्थी म्हटलं. ती ऐकून घेत बसली. शेवटी म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, कधीही नको म्हणता येईल. पण मी डॉक्टरांना नाही सांगणार. तुलाच सांगतेय." मी कबूल झाले. त्या संध्याकाळी भांडी घासताना मात्र रडून घेतलं.

कबूल झाले, पण मधल्या दिवसांत एक काम करायचंच होतं. नवी लाइन लागली की तिचा ठसा काढतात, बोटांचा घेतात तसा पेशींचा, आणि बाईच्या रक्ताशी ताडून बघतात. निदान लाइन लागली होती एवढं तरी कागदावर राहील, असा माझा विचार. निकाल घेऊन बोका आले. या वेळी त्यांच्या पावलांचा आवाज आला.

"बसा," ते म्हणाले. ते कधी बसा म्हणत नाहीत.

ठसा जुळला नव्हता. त्या पेशी पट्टीच्या नव्हत्याच. त्या म्हातारीच्या होत्या.

म्हातारी म्हणजे आमच्याकडची सर्वांत जुनी लाइन. कोणा बाईची, ती बाई जाऊन कैक वर्षं झाली. तिच्या पेशी इतक्या चिवट की एक थेंब जरी उडून दुसरीच्या बाटलीत पडला तरी तिथे घर करतात आणि मूळ मालकिणीला उपाशी मारतात. म्हणून आमच्यात नियम आहे: नव्यांना आधी भरवायचं, म्हणजे ताजं गुलाबी पाणी घालायचं, म्हातारीला सर्वांत शेवटी, आणि तिच्या पाण्याची बाटली दुसऱ्या कोणाला कधी लावायची नाही. हा नियम मीच सगळ्यांना शिकवते, कान पिळून.

मला आठवलं. पट्टीला भोवळ आली होती त्या दिवशी. मी म्हातारीला भरवायला बसलेली, ते तसंच टाकून धावले. तिला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, कपाळ पुसलं. परत येऊन बसले तर पट्टीच्या पेशी भरवायच्या राहिल्याचं ध्यानात आलं. समोर म्हातारीच्या गुलाबी पाण्याची बाटली उघडी होती. तीच उचलली. हात कामाला लागले आणि लक्ष सगळं मागच्या खुर्चीत, तिचा श्वास नीट चाललाय ना इकडे. एवढंच. पट्टीच्या खऱ्या पेशी त्या आठवड्यातच कधीतरी संपल्या असणार. आणि मी, इतक्या वर्षांची मुरलेली, म्हातारीला पाहून नाचत होते! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

घरी सांगितलं. आमच्या ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तिला नको सांगूस. तू तशीही तिच्यासमोर त्या मारणारच होतीस ना? मग मार. म्हातारी तुमच्याकडे ढीगभर आहे. पट्टीचं समाधान होईल. इतके महिने ती त्या भांडणावर उभी आहे, ते काढून घेऊ नकोस."

खरं सांगते, मला पटलं. अगदी सोपं होतं. ब्लीच ओतायचं, गुलाबी पाणी पिवळं पडायचं, पट्टीनं सुटकेचा श्वास टाकायचा. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

ठरल्या दिवशी पट्टी आली. नवी साडी, केस अजून विरळ पण नीट बसवलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर निकाल सांगणार होते. दुधी काचेतून तोच मऊ उजेड येत होता. मी बाटली मायक्रोस्कोपखाली ठेवली, शेजारी ब्लीच ठेवलं. तिनं शेवटचं म्हणून डोळा लावला.

"झालं तुझं," ती आत बघत म्हणाली. "खूप छळलंस गं मला. पण मी काही हरले नाही, लक्षात ठेव." मग माझ्याकडे वळली. "ओत वहिनी."

मी ब्लीच उचललं. तिचा चेहरा बघितला, आणि हात पुढे जाईना. इतक्या भरवशानं उभी होती ती. या बाईला मी कशी फसवू? इतरांना फसवेन, पण हिला?

"पट्टी, ही तू नाहीस," मी म्हटलं. आणि मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. भोवळ, उघडी बाटली, ठसा, म्हातारी. सांगता सांगता मीच हुंदके द्यायला लागले. "माझ्या हातून झालं. तुझी लाइन लागलीच नाही. सगळं गेलं."

ती हलली नाही. मला वाटलं, आता ही कोसळते.

"म्हणजे इतके दिवस मी कोणाला बोलत होते?"

"म्हातारीला."

"आणि ती कोण?"

"माहीत नाही गं. असेल कोणी बाई. याच दुखण्यानं गेली असणार."

"अरे देवा!" पट्टीनं कपाळावर हात मारला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की मी! काय काय बोलले गं तिला! निर्लज्ज म्हटलं, उपटसुंभ म्हटलं. तिलाही असंच झालं असेल, तिलाही कोणी विचारलं नसेल." ती परत मायक्रोस्कोपवर वाकली, आणि तो वर्गातला आवाज कुठच्या कुठे गेला. "बाई, चुकले मी. दुसरीचा राग तुझ्यावर काढला. माफ कर."

मग ती ताठ उभी राहिली. माझ्या हातातलं ब्लीच काढून घेतलं, झाकण लावलं. माझे दोन्ही हात हातात धरले. तिचे हात गरम होते.

"आणि माझी?" तिनं विचारलं. "माझी कुठे आहे?"

"सांगितलं ना, ती केव्हाच..."

"नीट सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे मला."

मला माहीत होतं, बाटलीत मेली म्हणजे अंगात मेली असं होत नाही. उद्या सकाळी काय कळेल ते उद्या सकाळीच कळणार होतं. हे तिलाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या सगळ्या कामाची राख झाली होती, आणि तिच्या डोळ्यांत मात्र इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भीती नव्हती. 'पण' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"मेली," मी म्हटलं. "तुझी कधीच मेली गं, पट्टी. उपाशी मेली. एक उरली नाही."

"परत म्हण."

मी परत म्हटलं.